चक्का, करवंदं आणि बिडाचा तवा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीच्या शाळेला सुट्टी लागली. बायको सकाळी साडेनऊला पतसंस्थेत जाते ती संध्याकाळीच येते. माझी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, दुसरी पाळी, दुपारी ३ ते रात्री ११. म्हणजे सकाळभर घरात आम्ही तिघं: मी, आई आणि आठ वर्षांची लेक. अनगोळातली आमची गल्ली अरुंद आहे. ऊन चढलं की पोरं घरात शिरतात आणि ११च्या सुमाराला आईसकँडीवाल्याची घंटा वाजली की सगळी दारं एकदम उघडतात.

पहिला आठवडा मी रोज पैसे दिले. पण ती लाल-नारंगी कांडी खाऊन झाली की पोरीला जेवण जायचं नाही. आमटी-भाताचे दोन घास खाऊन ताट सरकवायची. एका सकाळी तिनं आत्याच्या मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. ताटात दही पसरलंय, वर फळं टाकलीत, फ्रीजरमध्ये गोठवून नंतर चिक्कीसारखे तुकडे मोडलेत. धावत आली आणि म्हणाली, "बाबा, हे करू या आपण. यात गॅस लागत नाही!"

गॅस लागत नाही, हे तिच्यासाठी सगळ्यात मोठं होतं. शेगडीजवळ जायला तिला आज्जीची बंदी. स्वयंपाकघरातलं काहीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं करायला मिळेल, याचाच तिला आनंद. मलाही बरं वाटलं. पाळीमुळे वर्षभर माझी आणि तिची गाठ सकाळी शाळेची रिक्षा येईपर्यंतच पडते.

पहिल्या दिवशी आम्ही फार विचार केला नाही. विरजणाच्या भांड्यातलं दही घेतलं, तीन चमचे साखर घातली, स्टीलच्या ताटात ओतलं, वर केळ्याच्या चकत्या आणि द्राक्षं टाकून ताट फ्रीजरमध्ये सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं तर नुसती फरशी. ताटाला असं धरलेलं की उलथनं घालून ठोकावं लागलं. तुकडा दाताखाली कचकन फुटायचा, बर्फ विरघळून जायचा आणि जिभेवर आंबट, पिठाळ काहीतरी उरायचं. लेक "छान झालंय" म्हणाली, पण दुसरा तुकडा काही तिनं घेतला नाही.

एक तुकडा घेऊन मी खिडकीपाशी गेलो आणि मोडलेली बाजू उजेडात धरली. ही माझी कामावरची सवय आहे. भट्टीतला वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात ओतायच्या आधी आम्ही पाचरीच्या आकाराचा एक छोटा नमुना ओततो, गार करतो आणि मोडून त्याचं तोंड बघतो. आत पांढरं किती, करडं किती, दाणा कसा आहे, त्यावरून रसाची तब्येत कळते. इथे दह्याच्या तुकड्यात बर्फाच्या लांबच लांब सुया उभ्या होत्या, टाचणीएवढ्या. मधेमधे दही नुसतं चिकटून राहिलेलं.

दोन गोष्टी तिथेच लक्षात आल्या. एक, आत पाणी फार. दुसरी, ते फार सावकाश गोठलंय. लोखंड असो की पाणी, सावकाश गार झालं की दाणा मोठा होतो आणि झटकन गार झालं की बारीक. बिडाच्या कास्टिंगचा, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या वस्तूचा, पातळ भाग आणि जाड भाग मोडून बघितला की नव्या पोरालाही हा फरक दिसतो. आमचा रस १४०० अंशांच्या घरातला असतो आणि दही फ्रिजमधलं, पण गार होण्याचा कायदा दोघांना सारखाच.

आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं ताटाकडे बघितलं आणि म्हणाली, "पाणीच गोठवलंस की रे. श्रीखंडाला दही असं घेतोय काय आपण? बांधून घे न्हवं."

पाडव्याला घरात चक्का बांधलेला होता, त्याला महिनाही झाला नव्हता, आणि माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. व्हिडिओतल्या बाईनं ग्रीक योगर्ट घ्या म्हणून सांगितलं होतं. टिळकवाडीतल्या एका मोठ्या दुकानात त्याच्या छोट्या डबीची किंमत बघून मी परत ठेवलं होतं. ते म्हणजे गाळलेलं दही. आपला चक्का त्याचाच भाऊ, जरा जास्तच घट्ट.

चक्क्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं काम इथेच होतं. आमच्याकडे गवळी म्हशीचं दूध घालतो. म्हशीच्या दुधात गायीच्या दुधापेक्षा स्निग्धांश बराच जास्त, त्यामुळे दही मुळातच दाट लागतं आणि गोठल्यावर तो स्निग्धांशच तोंडात मऊपणा देतो. आई दूध तापवून कोमट झालं की विरजण लावते. बोट बुडवून दहा मोजेपर्यंत सोसवलं पाहिजे, हे तिचं माप. थंडीत बेळगावात विरजणाचं भांडं गोधडीत गुंडाळून ठेवावं लागतं. मे महिन्यात पाच-सहा तासांत दही लागतं आणि आठ तास बाहेर राहिलं तर आंबून जातं. म्हणून आम्ही पहाटे विरजण लावून ११ वाजता फ्रिजमध्ये ठेवायला लागलो.

फडकं म्हणजे बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा, धुऊन धुऊन रेशमासारखा झालेला. पाडव्याला आई गाठोडं खुंटीला टांगते, पण उन्हाळ्यात रात्रभर बाहेर टांगलं तर चक्का आंबट होतो. म्हणून भांड्यावर चाळण, चाळणीत फडक्यात बांधलेलं दही, त्यावर ताटली आणि ताटलीवर पाण्यानं भरलेला तांब्या, असा मनोरा करून तो फ्रिजमध्ये ठेवायचा. लेकीला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. सकाळी उठल्या उठल्या फ्रिज उघडून खाली किती पाणी साठलंय ते बघायची. पिवळसर हिरवी झाक असलेलं ते पाणी ती मापाच्या भांड्यात ओतून वहीत लिहायची. १ लिटर दह्यातून पहिल्यांदा अर्ध्या लिटरच्या वर पाणी निघालं आणि चक्का भरला ४३० ग्रॅम. एवढं पाणी आदल्या दिवशी आम्ही गोठवून खात होतो! ते पाणी आई टाकू देत नाही. त्यात कणीक भिजवते, चपात्या मऊ होतात.

दुसरा घाणा चक्क्याचा. यावेळी माझी चूक साखरेत झाली. पोरीच्या दातांचा विचार करून साखर अगदी नावाला घातली. तुकडे सुयांचे नव्हते, पण कडक होते आणि गोडही लागेनात. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. कालवताना जेवढं गोड लागतं, गोठल्यावर त्याहून फिकंच लागणार, म्हणून मिश्रण थोडं जास्त गोड ठेवावं लागतं. शिवाय साखरेचं आणखी एक काम असतं. कुल्फीवाला मटक्यातल्या बर्फात मीठ घालतो ते बर्फ शून्याच्या खालीही पातळ व्हावा म्हणून. साखर तेच करते, मिठाएवढ्या जोरानं नाही. पाण्यात काही विरघळलेलं असलं की ते पूर्ण दगड होत नाही, थोडं ओलं राहतं, त्यामुळे तुकडा दातानं तुटतो.

शेवटी जमलेलं माप असं: ४०० ग्रॅम चक्क्याला ५० ग्रॅम पिठीसाखर, २ मोठे चमचे काकवी, २ चमचे साय, वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ. काकवी हा आईचा शोध. आमच्याकडे ऊस काही कमी नाही, गुऱ्हाळावरून बाटली भरून आणलेली असतेच. काकवीनं रंग थोडा बदामी होतो आणि चव अशी येते की व्हिडिओतल्या बाईनंही विचारावं, यात काय घातलंय. चक्का आधी जाळीच्या चाळणीतून बोटांनी घासून काढायचा, श्रीखंडाला काढतो तसाच. गुठळी राहिली तर ती गोठून खड्यासारखी लागते.

मग फळं. यात आम्ही बरंच शिकलो, काही धडे कडू होते. अननसाचे तुकडे घातलेलं ताट बघायला सुंदर झालं. मिश्रण करून अर्धा दिवस फ्रिजमध्ये ठेवलं होतं, मग गोठवलं. खाल्लं तर कडू जहर. आईला वाटलं दूध नासलं. पण मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्च्या पपईचा गर लावतो ना, तसाच प्रकार ताज्या अननसात असतो. त्यातला पाचक रस दुधातली प्रथिनं तोडतो आणि ती कडवट होतात. अननस साखरेत पाचेक मिनिटं शिजवून पूर्ण गार करून घातला की कडूपणा येत नाही. पुढच्या वेळी मी तसंच केलं. लेकीचा हिरमोड झाला, कारण गॅस लागला. मग तिच्यासाठी अननसच बंद केला.

कलिंगड अजिबात चालत नाही. त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, गोठल्यावर गारगोटी. पायरी आंब्याचा रसही पातळ पडतो. हापूस घ्यावा, बारीक फोडी कराव्यात आणि फडक्यावर पसरून वरचं पाणी टिपून घ्यावं. चिकू अप्रतिम लागतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. अथणी-विजापूरकडची द्राक्षं असतील तर प्रत्येकाचे उभे दोन भाग करावेत. गोठलेलं अख्खं द्राक्ष लहान पोराच्या घशात अडकू शकतं, ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात बाजारात खानापूरकडच्या बायका करवंदं घेऊन बसायला लागल्या. आई जांबोटीकडच्या एका वाडीची. करवंदं दिसली की ती पाटीपाशी थांबणारच. पाटीत खाली पानं, वर काळीभोर करवंदं आणि मधे एखादं लालसर. शेजारी कन्नड बोलणारं एक गिऱ्हाईक "कवळी हण्णु एष्टु?" म्हणून भाव विचारत होतं आणि आई आपल्या मराठीत घासाघीस करत होती. बाईनं दोघांना दोन्ही भाषांत एकच भाव सांगितला. आम्ही दोन मापं घेतली. घरी येईपर्यंत एक माप लेकीनं आणि आईनं संपवलं होतं.

करवंदाचं काम वेळखाऊ आहे. चीक असतो. मिठाच्या पाण्यात चोळून धुवायची, मग बोटांना खोबरेल लावून एकेक फोडून बिया काढायच्या. आम्ही तिघं उंबऱ्यात बसलो होतो. लेकीची बोटं जांभळी झाली, तिनं ती नाकाला लावून वास घेतला. आई तिला सांगत होती, "आम्ही जाळीत घुसून काढायचो गं. हातभर ओरखडे यायचे, पण पानाचा डोणा भरल्याशिवाय कोण घरी येत नव्हतं." मी हे आईकडून कधीच ऐकलेलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कधी.

फोडलेल्या करवंदांत गूळ घालून दहा मिनिटं मंद आचेवर आटवलं. करवंदात चिकटपणा धरणारा गर भरपूर असतो, त्यामुळे वेगळं काही न घालता ते मुरांब्यासारखं दाटतं. या वेळी गॅसबद्दल लेकीनं तक्रार केली नाही, कारण पुढचं काम तिचं होतं. चक्क्याचा पांढरा थर पसरल्यावर गार झालेल्या करवंदाचे थेंब तिनं चमच्यानं ओळीत सोडले. मग टूथपिक घेऊन प्रत्येक ओळीतून आडवी रेघ ओढली, एक वरून खाली, एक खालून वर. दिवाळीत आज्जीनं रांगोळीत शिकवलेली नक्षी. पांढऱ्यावर गडद जांभळी पानं उमटत गेली. ती ओठ दाबून, श्वास रोखून करत होती. मी ताट धरून उभा होतो आणि माझाही श्वास रोखलेला होता.

आता गोठवण्याचं. पाणी कमी केलं होतं, तरी सावकाश गोठण्याचा प्रश्न होताच. आमचा फ्रिज जुना, फ्रीजर लहान. आमच्याकडे कास्टिंगच्या एखाद्या जाड भागाला पटकन गार करायचं असलं तर साच्यात त्या जागी लोखंडाचा तुकडा बसवतात. त्याला चिल म्हणतात. रसाची उष्णता तो ओढून घेतो आणि तिथला दाणा बारीक होतो. घरात असा तुकडा म्हणजे आईचा डोशाचा बिडाचा तवा, सपाट आणि चांगला जड. पहिल्यांदा वाटलं, थेट तव्यावरच चक्का पसरावा. आईनं हात धरला. "काय करुलालास? बिडात आंबट घालतंय काय कोण? काळं पडतंय, चव बिघडतीय." बरोबरच होतं तिचं. मग तवा कपड्यानं पुसून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी त्याच्यावर पातळ अॅल्युमिनियमचं ताट, ताटात बटर पेपर आणि पेपरवर चक्का, चपातीच्या दुप्पट जाडीचा, त्याहून जास्त नाही. स्टीलपेक्षा अॅल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं. नॉब शेवटच्या आकड्यावर नेला आणि लेकीकडून कबूल करून घेतलं की तीन तास दार उघडायचं नाही.

ताट तव्यावर ठेवल्यावर पाच-सात मिनिटांतच खालचा थर धरायला लागला होता, कडेला बोट लावलं तर कळत होतं. पुढचं काम फ्रीजरनं केलं. त्या दिवशी मी पाळीला जायच्या आधी, सव्वादोनला, आम्ही ताट काढलं. बटर पेपर सहज सुटला. लेकीनं दोन्ही हातांनी मोडलं आणि चिक्कीसारखा टक् असा आवाज आला. मी पुन्हा तुकडा खिडकीपाशी नेला. तोंड गुळगुळीत, दाणा बारीक, सुया नाहीत. तोंडात टाकल्यावर क्षणभर कडक आणि मग श्रीखंडासारखा मऊ. करवंदाचा आंबट-तुरटपणा मागून येत होता. आईनं दोन तुकडे खाल्ले. तिचे पुढचे दात नाहीत, तिनं चघळून खाल्ले. मग म्हणाली, "हे जमलं."

पुढचे दिवस रोज काहीतरी. हापूस आणि चंदगडच्या काजूची पाखं. चिकू आणि भाजलेले तीळ. जांभळं आल्यावर जांभळाचा गर, त्यानं रंग इतका सुंदर आला की गल्लीतली पोरं दारात जमली. इडलीपात्राच्या लहान साच्यांत बटर पेपरचे गोल तुकडे घालून टिकल्या केल्या, त्या पोरांना वाटायला सोप्या. तुकडे बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटांत मऊ पडतात, म्हणून वाटीतच द्यायचे. ठेवायचे असतील तर झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून, सुकी मासळी ठेवलेल्या कप्प्यापासून लांब. आठवडाभर चांगले राहतात, नंतर बर्फाचा भुगा धरायला लागतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळीव आला. दुपारी आभाळ भरून आलं, गारा पडल्या आणि वीज गेली ती रात्री नऊला आली. फ्रीजरमध्ये दोन ताटं होती. मी कामावर होतो. रात्री घरी आलो तोवर ती परत गोठली होती आणि लेक झोपली होती. सकाळी मोडलं तर पुन्हा त्याच लांब सुया. वितळलेलं सावकाश गोठलं की असंच होणार. शिवाय सहा तास कोमट राहिलेलं दह्याचं आणि फळांचं मिश्रण पोरांना द्यायला माझं मन धजेना. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. टाकून दिलं. लेक रडली, कारण एका ताटावर तिनं जांभळाच्या रेघांनी तुळशीवृंदावन काढलं होतं. त्या दिवशी मी पाळीची वेळ होईपर्यंत तिच्यासोबत नवा थर पसरला आणि वृंदावन आम्ही दोघांनी मिळून काढलं.

भट्टीपाशी मे महिन्यात अंगाचं पाणी होतं. एकदा रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये तुकडे भरून नेले. जेवणाच्या सुट्टीत आठला उघडले तेव्हा अर्धे मऊ पडले होते, पण गार होते. सहा जणांनी चमच्यानं खाल्ले. आमचा एक जुना मोल्डर, म्हणजे साचे करणारा, कित्तूरकडचा, त्यानं चाखून कन्नडमध्ये विचारलं, मनेयल्ली माडिद्दा? घरी केलंय का? मी म्हटलं, लेकीनं. तवा चिल म्हणून वापरल्याचं सांगितलं तेव्हा तो खूश झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, गाळलेल्या दह्यात सीताफळ चालेल का. त्याच्या शेतात झाडं आहेत. चालेल म्हणालो. पण ते ऑक्टोबरात.

मे संपत आला, शाळा उघडायला दोन दिवस राहिले. करवंदं बाजारातून गेली होती. त्या रात्री साडेअकराला घरी आलो. सगळी झोपली होती. फ्रीजरच्या दाराला वहीचा कागद चिकटवलेला, पेन्सिलनं लिहिलेलं: "बाबांसाठी शेवटची करवंदं. ४ तुकडे आहेत. मोजून ठेवलेत. आज्जीला एक दिला." खाली दह्याच्या पाण्याचं माप, ५४० मिली.

मी दिवा न लावता ओट्यापाशी उभं राहून चारही खाल्ले.